मिंग्याच्या बदल्यात

आरे कॉलनीत म्हशींच्या गोठ्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक मोरी आहे. पूल म्हणावा इतकी ती मोठी नाही. दोन्ही बाजूंना गुडघाभर उंचीचे दगडी कठडे, खाली ओढा. आणि ओढा म्हणजे चार महिने पाणी, उरलेले आठ महिने गोठे धुतल्यावर जे वाहत येईल ते. पन्नाशी उलटल्यावर माणसं देवळात जायला लागतात. मी मोरीवर जातो. गेल्या रविवारी गेलो, कठड्यावर रुमाल पसरून बसलो आणि मुलीने शिकवलंय तसं फोनवर बोट घासत घासत मिंग्याला लावलं.

पडद्यावर भलंमोठं सभागृह उघडलं. लाल खुर्च्या, सोनेरी छत, काळ्या कपड्यांतले शंभरेक वादक, आणि त्यांच्यापुढे छोट्या चौथऱ्यावर पाठमोरा उभा असलेला, पांढऱ्या केसांचा, मागे शेपट्या असलेला कोट घातलेला मिंग्या. खालून चिनी अक्षरं पळत होती. त्याने उजव्या हातातली काडी उचलली, सगळे ताठ झाले, आणि मग डाव्या हाताची करंगळी त्याने किंचित बाहेर काढली. त्या सभागृहात बसलेल्या लोकांना वाटलं असेल, वा, काय नजाकत आहे. नजाकत कसली. ती खूण वर्सोव्याच्या धर्मा कोळ्यासाठी तयार झाली होती, आणि तिचा अर्थ होता, "धर्मा, हळू. हे लग्न नाही."

मिंग्या आता मोठा माणूस आहे. स्वतः संगीत रचतो आणि स्वतःच वाद्यवृंदापुढे उभा राहून वाजवून घेतो. कुठल्या कुठल्या शहरांत त्याला बोलावतात, स्टेशनवर त्याच्या चेहऱ्याची पोस्टरं लागतात. मुलाखत घेणाऱ्या मुली त्याला विचारतात, आणि हे मला खालच्या इंग्रजी ओळींवरून कळतं, की तुमच्या संगीतात मधेच एवढ्या लांब शांतता का असतात? तो हसतो आणि काहीतरी गोलमोल उत्तर देतो. मी इथे मोरीवर बसून म्हणतो, सांग ना लेका, पोलीस ठाण्याचं सांग.

तो सांगत नाही. म्हणून मी सांगतो.

त्या काळचं मरोळ डोळे मिटून ओळखता यायचं. सकाळी बिस्किटाच्या कारखान्याचा गोड वास यायचा, इतका गोड की कोरा चहासुद्धा बिस्किटाबरोबर प्याल्यासारखा वाटे. आठच्या भोंग्यानंतर जळक्या रबराचा वास सुरू व्हायचा आणि तो थेट माझ्या शर्टात येऊन राहायचा, कारण मी औद्योगिक वसाहतीत एका शेडमध्ये रबरी वायसर कापायच्या कामावर उमेदवारी करत होतो. एक दांडा खाली ओढायचा, एक वायसर पडायचा. दांडा वर, दांडा खाली. आमच्या शेडला खिडकी होती, पण ती शेजारच्या शेडच्या भिंतीकडे उघडायची. फोरमन म्हणायचा, "हवा येत्ये ना? मग देखावा कशाला पाहिजे?"

घरी दहा बाय बारात आम्ही सहा माणसं. बाबांची गिरणी बंद पडलेली. ते दिवसभर दारात बसून असत, आणि आत जायचं तर त्यांचे पाय ओलांडावे लागत. कोणी काही बोलत नसे. आई तेवढी मासे साफ करताना कोयतीशी बोलायची.

आणि मग रस्त्याच्या कोपऱ्यावर लवंगेच्या तेलाचा वास. तिथे दातवाल्या काकांचं दुकान होतं. काचेच्या कपाटात कवळ्या मांडलेल्या. संध्याकाळी पिवळा बल्ब लागला की त्या सगळ्या मिळून रस्त्याकडे बघून हसत. लहान मुलं रडली की आया सांगत, गप्प बस, नाहीतर चिन्याच्या दुकानातले दात येतील. काका चिनी. मिंग्या त्यांचा मुलगा, माझ्याहून तीनचार वर्षांनी मोठा. त्याची आई तो लहान असतानाच गेली आणि तो अर्धा आमच्याच चाळीत वाढला. महापालिकेच्या मराठी शाळेत शिकला, आणि शिव्या अस्सल मालवणीत द्यायचा. नवा माणूस त्याला बघून इंग्रजीत बोलायला लागला की हा त्याला म्हणायचा, "खयसून इलंस रे तू?" आणि तो माणूस दोन पावलं मागे सरायचा.

काकांचं आणि मिंग्याचं नाव पोलिसांच्या एका वहीत होतं. का होतं, हे मला कोणी नीट सांगितलं नाही. चीनशी लढाई झाली तेव्हा मिंग्या रांगत होता. पण वही होती, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बापलेक धुतलेले कपडे घालून ठाण्यात जात, सही करत आणि परत येत. परवानगीशिवाय ठाण्याची हद्द सोडायची नाही, असा नियम. मिंग्याने वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत जुहूचा समुद्र पाहिला नव्हता. अंधेरीत राहणाऱ्या माणसाने.

आता आमचा बँड. सात जण होतो. धर्मा कोळी वर्सोव्याहून सनई, म्हणजे इंग्रजी काळी सनई, क्लॅरिनेट घेऊन यायचा. दोघे बेंजोवाले, एक अ‍ॅकॉर्डियन, ढोलकी, एक पोरगेला व्हायोलिनवाला, आणि मी ट्रम्पेट. मी ट्रम्पेट "वाजवायचो" हे मिंग्याने कधी मान्य केलं नाही. तो म्हणायचा, "तू फुंकतोस. वाजणं न वाजणं त्या बिचाऱ्याच्या हातात असतं."

आम्हाला चाळीतून हाकललं, वसाहतीच्या मैदानातून हाकललं, मग आम्ही आरेत आलो. मोरीच्या पलीकडे झाडाखाली मस्त सपाट जागा होती. भानगड एवढीच की मोरीच्या पलीकडे दुसऱ्या ठाण्याची हद्द सुरू व्हायची.

"अरे दहा पावलं आहेत," मी म्हणालो. "इथे बघायला कोण आहे? म्हशी?"

"बाबा रोज विचारतात, हद्द सोडलीस का. मला त्यांच्याशी खोटं बोलता येत नाही."

"सोपं असतं. मी शिकवतो."

"तुझं तू कर. जा पलीकडे."

तेव्हा जे घडायचं ते असं: आम्ही सात जण ओढ्याच्या पलीकडे झाडाखाली, आणि मिंग्या अलीकडे मोरीच्या तोंडाशी, कठड्यावर उभा. हातात कवळीचा साचा घोटायची लाकडी काडी. मधून ओढा वाहायचा, मधून म्हशी जायच्या, एकदा अख्खी बस गेली. बस पुढे सरकली तेव्हा मिंग्याचा हात जिथल्या तिथे, हवेत थांबलेला होता. आमच्या गोंगाटात त्याचं बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून तो सगळं हातांनी सांगायला शिकला. करंगळी धर्मासाठी. अंगठा आत दुमडला की मी गप्प. भुवई उचलली की ढोलकी.

आई एकदा डबा द्यायला आली होती. तिने ते पाहिलं आणि मला विचारलं, "ह्यो काय करता थंय?"

"कंडक्टर आहे तो."

"बिल्लो खंय मगे?"

आणि पुढे मिंग्याला हाँगकाँगहून पत्र आलं तेव्हाही तिच्या डोक्यात बसच होती. तिथे त्याचा मामा राहायचा. त्याने एका संगीतशाळेत मिंग्याचं काम दाखवलं होतं, आणि शाळेने परीक्षेला बोलावलं होतं. संगीतरचना आणि संचालन. आई म्हणाली, "कंडक्टर होवचा तर हाँगकाँगाक कित्याक जावक व्हया? मरोळात डेपो हा." मिंग्या तिच्या पाया पडला आणि म्हणाला, "काकी, थंयसरच्या बशी मोठ्या आसत."

पण परीक्षेची तारीख ठरलेली होती. जायचं तर ठाण्याकडून कागद हवा होता. कागद वेळेवर मिळाला तर मिंग्या सुटणार, नाही तर जन्मभर मोरीवर. एवढं साधं होतं ते. अर्ज देऊन तो रोज दुकानात बसून कवळ्यांना मेण लावायचा आणि रस्त्याकडे बघायचा. कपाटातले दात रस्त्याकडे बघायचे, हाही बघायचा.

इथे आकडे येतात.

आमच्यापैकी कोणालाच ते रेघांवर अंडी घातल्यासारखे दिसणारे इंग्रजी सूर वाचता येत नव्हते. मिंग्याला वडिलांनी लहानपणी चिनी पद्धत शिकवली होती. ती आकड्यांची. एक म्हणजे सा, दोन म्हणजे रे, असं सातपर्यंत. आकड्याच्या डोक्यावर टिंब दिलं की वरचा सूर, खाली दिलं की खालचा. शून्य म्हणजे गप्प. आम्ही दोन दिवसांत शिकलो. आकडे कोणाला येत नाहीत? मिंग्या साच्याच्या प्लास्टरच्या पिशव्या उसवून त्यांच्या तपकिरी कागदावर ओळीच्या ओळी आकडे लिहायचा: 5 5 6 5, 1 0 7 3. त्या दिवसांत तो परीक्षेसाठी आपली पहिली मोठी रचना करत होता. त्यात आठचा भोंगा होता, आरेच्या दुधाच्या बाटल्या जाळीच्या पेटीत किणकिणतात तो आवाज होता, बसची दोन टोल्यांची घंटा होती. सत्तरेक कागद झाले होते. त्यांच्या नकला सगळ्या मरोळभर पसरलेल्या, कारण प्रत्येक वादकाच्या खिशात त्याचा त्याचा भाग असायचा.

आणि ज्या मुंबईत प्रत्येक पानवाल्याकडे संध्याकाळी लोक "ओपन काय आला" विचारत, तिथे तपकिरी कागदावर आकडे लिहून चोरून खिशात ठेवणारी सात पोरं म्हणजे काय, हे तुम्हीच सांगा.

आमच्या शेजारी तात्या राहायचे. बाबांबरोबर गिरणीत होते, तेही घरी बसलेले. तात्या मटक्याचे आकडे कशातूनही काढत. स्वप्नातून, बसच्या नंबरातून, मयताच्या वयातून. एकदा माझ्या खिशातून कागद पडला. तात्यांनी उचलला.

"ह्या काय रे झिला?"

मी खरं सांगू शकलो असतो. पण दिवसभर दांडा ओढून माणसाला संध्याकाळी काहीतरी करमणूक लागतेच. मी इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि म्हणालो, "मिंग्याचं पंचांग, तात्या. चिनी. कुणाला बोलू नका."

"पंचांग?"

"पहिला आकडा ओपन. शेवटचा क्लोज. त्यांच्यात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय."

कागदाचा पहिला आकडा पाच होता, शेवटचा तीन. त्या दिवशी पाच-तीन आला.

मी शपथेवर सांगतो, तो आला. तात्या पेढे घेऊन मिंग्याकडे गेले. मिंग्याला वाटलं, कागद मिळणार म्हणून पेढे. त्याने दोन खाल्ले.

मग मरोळमध्ये दाढदुखीची साथ आली. दातवाल्या काकांच्या दुकानाबाहेर रांग लागायला लागली. भले दणकट बाप्ये गालाला हात लावून बाकावर बसत आणि डोळे मात्र आतल्या टेबलावरच्या कागदांवर. "चाचा, जरा आतमध्ये बसू का, इथे वारं लागतंय." काका भाबडे. त्यांना वाटलं, इतकी वर्षं लोक लाजत होते, आता विश्वास बसला. ते एकेकाला खुर्चीत बसवून तोंड उघडायला लावत. तात्या तर तीनदा आले. तिसऱ्यांदा काकांनी त्यांची एक चांगली ठणठणीत दाढ काढली. तात्या आकड्यासाठी दाढेवर पाणी सोडून, तोंडात कापूस घेऊन घरी आले आणि कापसातूनच मला म्हणाले, "मधला कागद दिसलो. सात-एक."

मी हसून हसून भिंतीला टेकलो होतो. पोट दुखेपर्यंत हसलो.

चौथ्या दिवशी जीप आली. हवालदाराने दुकानातले सगळे कागद गोळा केले, प्लास्टरच्या कोऱ्या पिशव्यासुद्धा. काका त्याला विचारत होते, "दात? दात दुखतो?"  मिंग्याने फक्त मोजून बघितलं, किती कागद नेले. दुसऱ्या दिवशी तो ठाण्यात गेला आणि परत येऊन त्याने आम्हाला सांगितलं. त्याचा अर्ज साहेबांच्या टेबलावर होता. त्यावर त्याचे सत्तर कागद ठेवले होते. मटक्याची केस झाली तर परवानगीचं नाव काढायचं नाही, असं साहेब म्हणाले होते. परीक्षेला तीन आठवडे राहिले होते.

"ह्यांना कोणी सांगितलं असेल रे, मटका म्हणून?" मिंग्याने मला विचारलं.

मी म्हणालो, "लोक काय, काहीही बोलतात."

त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. आईने विचारलं, माशात मीठ कमी आहे का.

दोन दिवसांनी दुपारी आम्ही सगळेच ठाण्यात गेलो. वाद्यं घेऊन. ही कल्पना माझीच, नाटकी माणसाला अशाच कल्पना सुचतात. ठाणं म्हणजे लांब बैठं घर, पुढे व्हरांडा, आत शाईचा आणि ओल्या खाकी कपड्यांचा वास. कोपऱ्यात जाळीमागे कोणीतरी एक जण उकिडवा बसलेला. साहेब घाटावरचे, जाड भिंगाचा चष्मा.

"हे काय आणलंत?"

"बँड, साहेब," मी म्हणालो.

"कुणाचं लग्न आहे?"

"ते कागद मटक्याचे नाहीत, साहेब. गाणं आहे."

साहेबांनी एक कागद उचलून उजेडात धरला. "हे गाणं."

"हो."

"पाच, पाच, सहा, पाच. बावीस वर्षं नोकरी झाली माझी. आकडा म्हणजे काय ते मला शिकवू नका. आणि वाजवाल तुम्ही, पाठ करून आला असाल." मग त्यांना स्वतःलाच एक कल्पना सुचली. ते हसले. त्यांनी पेन काढलं, हवालदाराला म्हणाले, "कालचे आकडे काय आले होते?" आणि कोऱ्या कागदावर आठ-दहा आकडे खरडून मिंग्यापुढे टाकले. "हे वाजवा. माझं गाणं."

तीन, आठ, शून्य, शून्य, नऊ, एक, सहा, असं काहीतरी.

मिंग्याने कागद बघितला. "साहेब, एक मिनिट," म्हणाला. पेन्सिलीने इथे रेघ दे, तिथे टिंब दे, असं केलं.

"आठ तर तुमच्यात नाही," साहेब म्हणाले. "मी बघितलंय, सातपर्यंतच आहेत."

"आठ म्हणजे वरचा एक, साहेब. नऊ म्हणजे वरचा दोन."

"आणि शून्याला काय करायचं?"

"थांबायचं."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

तो खोलीच्या मधोमध उभा राहिला. आरेत आल्यापासून पहिल्यांदा आमच्यात आणि त्याच्यात ओढा नव्हता. त्याने मला पहिला आकडा दिला, दुसरा धर्माला, वरचा, लांब. आणि मग दोन्ही हात वर धरून तो थांबला. शून्य. शिक्के मारणाऱ्या कारकुनाचा हात वरच राहिला. जाळीमागचा माणूस उभा राहिला. पंख्याचा आवाज यायला लागला, जो इतका वेळ होता पण कोणाला ऐकू आला नव्हता. दुसरं शून्य. बाहेर रस्त्यावर कोणीतरी बर्फवाल्याशी घासाघीस करत होतं. मला वाटलं, हा आता हात खाली आणणारच नाही, आपण सगळे असेच इथे म्हातारे होणार. मग त्याने डोळ्यांनी धर्माला नऊ दिला आणि तो सूर असा वर गेला की हवालदार छताकडे बघायला लागला.

संपलं तेव्हा साहेबांनी चष्मा काढून पुसला. "हे माझ्या आकड्यांचं?"

"तुमच्याच, साहेब."

तेवढ्यात दारातून तात्या आले. गाल अजून सुजलेला. ते कोणी न बोलावताच आले होते. म्हणाले, "सायबा, मी खेळलंय, खोटा बोलणंय नाय. पण ह्या मिंग्यान माका कधी आकडो देवक नाय."

"मग कोणी दिला?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. चांगलं निवांत बघितलं. मी ट्रम्पेटच्या तोंडाकडे बघत होतो.

"सपनात इलो," तात्या म्हणाले.

साहेबांनी सत्तर कागद मिंग्याला परत केले. ते एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्टही इथेच थांबली असती. पण अर्ज हातात धरून ते म्हणाले, "गाणं आहे, मान्य. पण परवानगी सहा महिन्यांची, आणि हा तेवढ्यात परत येणार कशावरून? जामीन कोण राहतोय? बापाचं नाव सांगू नका, तो स्वतःच वहीत आहे. इथला माणूस पाहिजे. हा नाही आला, तर त्याने याच्या जागी हजेरी द्यायची आणि हद्द सोडायची नाही."

असा काही कायदा नव्हता, हे मला पुष्कळ वर्षांनी एका वकिलाने हसत हसत सांगितलं. तेव्हा साहेब म्हणजेच कायदा होता. धर्मा म्हणाला, "सायेब, आमी दर्याची मानसं, होडी हाकलून कुठं जाऊ आनि कधी येऊ त्याचा नेम नाय." तो खोटं बोलत नव्हता. बेंजोवाल्यांनी एकमेकांकडे बघितलं.

"मी राहतो," मी म्हणालो.

बाहेर आल्यावर मिंग्याने विचारलं, "तू का रे?"

"मला कुठे जायचंय? वायसर काय मरोळातच पडतात."

तो मला मिठी मारायला आला तेव्हा मला सांगता आलं असतं. तात्यांनी सांगितलं नव्हतं, मीही सांगितलं नाही.

मिंग्या गेला. सहा महिने मी जामीनदार म्हणून महिन्याला एकदा ऐटीत सही केली. साहेब मला चहा पाजायचे. मग सहा महिने संपले आणि मिंग्या परीक्षेत पास होऊन शाळेत दाखल झालेला होता. साहेबांनी चहा बंद केला. "कुठे आहे तुझा चिनी?" आता दर सोमवारी यायचं.

मी मिंग्या झालो. गंमत म्हणून मी आधी ते सगळ्यांना रंगवून सांगायचो, डोळे बारीक करून दाखवायचो. पुढच्या भाद्रपदात आई, बाबा, भावंडं गणपतीला गावी गेली आणि मी दहा बाय बारात एकटा राहिलो तेव्हा गंमत संपली. चाळ रिकामी. सगळ्या दारांना कुलपं. दुसऱ्या वर्षीही तेच. आई परत येताना माझ्यासाठी केळीच्या पानात गुंडाळून पातोळ्या आणायची, त्या वाटेत आंबलेल्या असायच्या, आणि मी त्या खायचो. रविवारी आरेत जायचो, मोरीच्या अलीकडच्या तोंडाशी उभा राहायचो. पलीकडे सावली होती. कोण बघतंय, असं मीच म्हणालो होतो ना. पण पाय उचलायचा नाही. साहेबांची बदली झाली. नवे आले, त्यांनी वही उघडली, माझ्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं.

"तू कोण?"

"चिनी, साहेब."

"नाव मराठी आहे."

"बदली चिनी."

त्यांना ते कळलं नाही, पण सही कर म्हणाले. वहीत नाव आहे म्हटल्यावर त्यांना तरी काय करता येणार?

तिसऱ्या वर्षी मला मस्कतहून बोलावणं आलं. वसाहतीतलाच एक जण तिकडे गॅरेजात होता, त्याने माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. महिन्याभरात कळवायचं होतं. ते पत्र मी आईच्या मसाल्याच्या डब्यामागे ठेवलं आणि रोज काढून वाचायचो. मस्कतला समुद्र आहे असं त्यात लिहिलं होतं. वाळवंट आहे असंही.

त्याच महिन्यातल्या पहिल्या सोमवारी, सकाळी कामावर जायच्या आधी, दातवाले काका आमच्या दारात आले. दुकान बंद करून. सहीचा दिवस सोडला तर त्यांनी कधी दुकान बंद केलेलं मी पाहिलं नव्हतं. धुतलेला पांढरा शर्ट, गळ्याशी बटण लावलेलं. हातात मिंग्याचं पत्र, माझ्या नावाचं. मिंग्या मला मराठीत लिहायचा, आणि काकांना आपली अक्षरं वाचता येत नव्हती.

मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. मिंग्याने लिहिलं होतं: "बाबांच्या पत्रातून कळलं की तू अजून सही करतोस. मला वाटलं होतं, ते कधीच संपलं असेल. इथे हिवाळ्यात मला पूर्ण वाद्यवृंदापुढे उभं राहायला मिळणार आहे. माझीच रचना आहे, भोंग्याची आणि बाटल्यांची. पण तू माझ्या जागी अडकला असशील तर मला ते नको. उभं राहिलो तरी हात उचलणार नाही. बाबा काही नीट सांगत नाहीत. तू खरं सांग. 'ये' एवढं लिहिलंस तरी मिळेल त्या बोटीने येतो."

काका बाबांच्या पायांजवळ पायरीवर बसले. "तू लिही," ते म्हणाले. "काय लिहायचं ते मी सांगणार नाही. मी बाप आहे, मी सांगितलं तर चूक होईल."

मी मसाल्याच्या डब्याकडे एकदा बघितलं. मग हवाईपत्र मांडीवर घेतलं, पाटीवर ठेवलं, नाव घातलं, आणि लिहिलं, "ये."

बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. इतकं छोटं अक्षर. शाई ओली होती, चमकत होती. मी पेन वर धरून ती वाळायची वाट बघत राहिलो. आत आईने स्टोव्हला पंप मारला. काका आपल्या शर्टाच्या बाहीवरची सुरकुती बोटाने सरळ करत होते, पुन्हा पुन्हा, आणि माझ्याकडे मुद्दाम बघत नव्हते.

मग मी त्या "ये"ला चिकटूनच पुढे लिहिलं: "ऊ नकोस." आणि खाली लिहिलं, "हजेरी केव्हाच बंद झाली. काकांना काही कळत नाही. मी मजेत आहे. हात उचल."

पत्र दुमडून थुंकी लावून बंद केलं.

"काय लिहिलं?" काकांनी विचारलं.

"हजेरी बंद झाली, असं लिहिलं."

मी चप्पल पायांत सरकवली. काकांनी ते बघितलं. मग म्हणाले, "मग आता चप्पल घालून कुठे चाललास?"

"सही करायला."

ते उठले. महिन्याचा पहिला सोमवार होता, त्यांचीही सही होती. आम्ही दोघे बरोबर निघालो.